मॉडने काढलेले ठसे

हेस्टर थॉर्लीचं नाव लंडनपर्यंत गेलं होतं. पण तिच्या चित्रांचा एकूण एक ठसा तिच्या धाकट्या बहिणीच्या, मॉडच्या, हातून निघाला होता, हे आमच्या गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. दोघी बिनलग्नाच्या. माझं पावाचं दुकान त्यांच्या घराला लागून. आमच्या भट्टीची ऊब भिंतीतून त्यांच्या कामाच्या खोलीत जायची, म्हणून हेस्टर माझ्याशी बरी वागे. एरवी ती कुणाशी बरी वागल्याचं मला आठवत नाही.

तांब्याच्या पाटीवर मेणाचा थर द्यायचा, सुईने त्यात चित्र ओरखडायचं आणि पाटी ॲसिडमध्ये बुडवायची, म्हणजे रेघा तांब्यात खोल उतरतात. हे हेस्टरचं काम. मग त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून प्रेसचं जड चाक फिरवायचं आणि कागदावर ठसा काढायचा, हे मॉडचं. गिरण्या, कालव्यातल्या होड्या, बाजारातल्या बायका, हेस्टरच्या नजरेतून काही सुटत नसे. माझ्या सासूचं तिने काढलेलं चित्र इतकं हुबेहूब होतं, की सासूने तिच्याशी बोलणंच टाकलं.

मॉड पस्तिशीला टेकली असताना एल्काना सग्डन त्यांच्याकडे येऊ लागला. त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. भला माणूस, बोलायला लाजरा, आणि मानेवर कबुतराच्या अंड्याएवढं आवाळू. दर रविवारी चर्चमधून सरळ तिकडे चहाला जायचा, मॉडसाठी फुलझाडांचे कंद घेऊन. हेस्टर समोर बसून असे. तिच्या मनात काय होतं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. मॉड लग्न करून गेली तर प्रेस कोण फिरवणार, एवढं मात्र आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्या हिवाळ्यात हेस्टरने एक पाटी कोरली. केकच्या ताटलीवर वाकलेला माणूस, मागून पाहिलेला. चेहरा दिसतच नव्हता. दिसत होतं ते आवाळू, त्यावरच्या चार केसांसकट. खाली नाव दिलं होतं, ‘नवरदेव’.

ती पाटी छापायला मॉडच्याच हातात आली. नाही म्हणायचंस, असं मी पुढे तिला एकदा म्हटलं. ती म्हणाली की त्या घरात नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. ती शाई पुसत असताना हेस्टर शेजारी येऊन उभी राहिली.

“मानेवर जरा कमी पूस,” ती म्हणाली. “तिथे काळं राहू दे.”

ठसे पुस्तकवाल्याच्या खिडकीत लागले. आठवडाभरात पोरं सग्डनच्या मागून मान वाकवून चालू लागली, आणि मोठी माणसं त्यांना दटावताना हसू लागली. त्याने चहाला यायचं सोडलं. मग दुकान विकून लीड्सला गेला आणि तिथेच त्याने लग्न केलं. मॉड रडली असेल, तर भिंतीपलीकडे मला ऐकू आलं नाही. प्रेसचं चाक मात्र रोज ऐकू यायचं.

मधे लढाई झाली, संपली. हेस्टरचे डोळे जाऊ लागले हे सगळ्यात आधी मॉडला कळलं. पाटीवरची शाई पुसताना एकाच गालाला दोन रेघा दिसल्या, खिडकी भिंतीच्या बाहेर गेलेली दिसली. हेस्टर डॉक्टरकडे गेली नाही. पाटी नाकाशी धरून, बोटांनी चाचपत ती काम रेटत राहिली. ठसा निघाला की विचारी, “कसा आलाय?”

“छान आलाय,” मॉड म्हणे.

तू तिला खरं का सांगत नाहीस, असं मी मॉडला विचारलं. ती हात धूत होती. “ती मला ठसा कसा आलाय ते विचारते,” मॉड म्हणाली. “ठसा छानच येतो.”

मग गावाने टाउन हॉलमध्ये हेस्टरच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. हेस्टरने त्यासाठी मोठी नवी पाटी केली, बाजाराच्या दिवसाची. जुने ठसे पेटाऱ्यात भरपूर होते, त्यांच्यावर सहज भागलं असतं. मॉडने जुने कडेच्या भिंतींना लावले आणि नवा ठसा दारासमोर, मधोमध टांगला. मग हेस्टरला काळ्या रेशमी पोशाखात, दंडाला धरून, त्याच्याशेजारी आणून उभं केलं.

लोक हसत बोलत आत येत आणि मधल्या चित्रापाशी गप्प होत. बायकांची तोंडं टोप्यांखालून निसटून भलतीकडे गेली होती. घोड्याला सहा पाय होते. चर्चचा मनोरा भाजीच्या गाड्यांवरून आडवा गेला होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं. महापौर खोकले आणि चहाकडे वळले.

कुणी काही बोलत का नाही, असं हेस्टरने विचारलं. सगळे बघतायत, असं मॉडने सांगितलं.

नेमका सग्डन तेव्हा गावात भावाकडे आलेला होता. केस पांढरे झालेले, बायको सोबत. तो पुढे आला आणि काम मोठं केलंत, मिस थॉर्ली, असं म्हणाला. त्याला ते मनापासून म्हणायचं होतं. हेस्टरने आवाज ओळखला. सगळ्यांच्या गप्प बसण्याने ती चिडलेलीच होती.

“सग्डन ना?” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “आवाळू अजून जपून ठेवलंय की तुम्ही. चांगलंच दिसतंय.”

सग्डनचा हात मानेकडे गेला. “ते लढाईआधीच कापून काढलं, बाई,” तो म्हणाला. मग तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला. “तुम्हाला दिसत नाही का?”

त्याने टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारलं. त्याच्या बायकोने त्याची बाही ओढली, पण तोवर सगळ्या हॉलने ऐकलं होतं.

घरी आल्यावर हेस्टर टोपीही न काढता बसून राहिली. मधलं चित्र कसं होतं ते सांग, म्हणाली. मॉडने डावीकडून सुरुवात करून सगळं सांगितलं, तोंडं, घोडा, मनोरा, काही गाळलं नाही.

“तू मला थांबवायला हवं होतंस,” हेस्टर म्हणाली.

“मी ठसे काढते,” मॉड म्हणाली. “चित्रं तुझी.”

डोळे बिघडल्यापासूनचे सगळे ठसे जाळून टाक, असं हेस्टरने सांगितलं. मॉडने शेगडीत जुनी वर्तमानपत्रं जाळली. त्यानंतर हेस्टरने सुई हातात घेतली नाही. आमच्या भट्टीच्या भिंतीला पाठ लावून दिवसभर बसायची. मॉड तिला वेळेवर जेवू घाली, न्हाऊ घाली, स्वच्छ ठेवी. त्यात कधी कसूर नव्हती.

पुढच्या वसंतात लंडनहून एक तरुण चित्रविक्या आला. प्रदर्शनाची चर्चा त्याच्या कानावर गेली होती. मॉडने त्याच्यापुढे ते शेवटचे ठसे मांडले. तो फार वेळ बघत बसला. मग म्हणाला की आधीची कामं सफाईदार आहेत, पण अशी माणसं या देशात दुसरं कुणी काढत नाही. मिस थॉर्लींना भेटता येईल का, असं त्याने विचारलं. त्यांची तब्येत बरी नसते, त्या कुणाला भेटत नाहीत, असं मॉडने सांगितलं. हेस्टर बंद दारापलीकडच्या खोलीत जागीच होती.

त्याने सगळे ठसे नेले. लंडनला ते लागले, लोक ते बघायला रांगा लावू लागले, वर्तमानपत्रांत कौतुक छापून आलं. मॉडने मला कात्रणं दाखवली आणि घडी घालून ठेवून दिली.

हेस्टर आणखी दोन हिवाळे जगली. त्या दिवसांत मी कधी सूप घेऊन जायची. ती कुशीवर वळून म्हणायची की एका परीने बरं झालं, ती चित्रं गावाबाहेर कुणी पाहिली नाहीत.

मॉड तिची उशी सारखी करायची.

“हो,” ती म्हणायची. “कुणीच नाही.”