माझ्या पाठीवरचे नाव

मित्रांनो, मी एक जुना जन्मदाखला आहे. वय विचाराल तर शंभरीला टेकलो आहे. माझ्या तोंडावर प्लास्टिक आहे आणि पाठ उघडी आहे, म्हणून मला हसू नका. असे का झाले, तेच सांगणार आहे. दाखल्यांना एरवी कोणी बोलते करत नाही, त्यामुळे संधी मिळाली की आम्ही जरा लांबण लावतो. तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म भारतातल्या एका लहान गावाच्या कचेरीत झाला. तिथल्या कारकुनाने जाड, पिवळसर कागद घेतला, टाक दौतीत बुडवला आणि एका बाळाची नोंद केली. आईवडिलांची नावे, तारीख, वार, सगळे मोत्यासारख्या अक्षरात. बाळाच्या नावापुढे मात्र त्याने नुसते 'मुलगा' असे लिहिले. कारण घरात नावावरून जुंपली होती. आजीला एक नाव हवे होते, काकाला दुसरे, आणि ज्या आईने बाळाला जन्म दिला तिला कोणी विचारतच नव्हते. शेवटी तीन महिन्यांनी दोघे भांडून दमले आणि आईने सुचवलेले नाव ठरले. बाळाचे वडील मला घेऊन पुन्हा कचेरीत आले. पुढच्या बाजूला जागा उरली नव्हती. कारकुनाने कुरकुरत मला पालथे घातले, पाठीवर नाव लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि घाईघाईत शाईचा एक भलामोठा डागही पाडला. तेव्हापासून माझे तोंड देखणे आणि पाठ डागाळलेली.

ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही. ते त्या घरचे आहे.

बाळ मोठे झाले आणि शिंपी झाले. एके दिवशी त्याने मला चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले, आणि समुद्र ओलांडून आम्ही दोघे परक्या देशात आलो. तिथे त्याने दुकान थाटले, संसार थाटला, आणि मला जागा मिळाली बटणांच्या डब्यात. तक्रार नाही हो. बटणे मोठी बोलकी असतात, डबा हलला की सगळी एकदम सुरू होतात.

माझे कौतुकाचे दिवसही होते. शिंप्याची थोरली मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा वडील मूळचे कुठले, याचा कागद मागितला गेला. मला हातात धरून ती सात वर्षांची मुलगी वडिलांसोबत शाळेपर्यंत चालत गेली. वाटेत तिने मला उलटून पाहिले, बोट ठेवून नाव वाचले आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या नावाशेजारी कासव बसलंय."

शाईच्या त्या डागाला चार पाय आणि इवलीशी मान होती खरी. आजवर मला कोणी एवढे निरखून पाहिले नव्हते. ती मुलगी मला फार आवडली.

पुढे तिचे लग्न भारतात झाले आणि ती तिकडे गेली. काही वर्षांनी तिच्या धाकट्या भावाची बायको आजारपणात वारली, मागे दोन वर्षांची मुलगी ठेवून. तोवर थोरलीलाही वैधव्य आले होते. ती परत आली आणि भाचीला तिने बारा वर्षे सांभाळले. वेणी घातली, पाढे घेतले, ताप आला की उशाशी बसली. भाची मोठी झाल्यावर मात्र म्हणाली, "माझं घर तिकडे कुलपात आहे गं. आता जाते." आणि गेली. भाची आठवडाभर धड जेवली नाही.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या रस्त्यावर लॅमिनेशनचे दुकान उघडले, आणि शिंपी आजोबांना जणू खजिना सापडला. चष्म्याचा नंबर, शिलाई मशीनची गॅरंटी, दवाखान्याची चिठ्ठी, जे हाती लागेल ते प्लास्टिकमध्ये. नातीने एकदा आपली भूगोलाची वही लपवून ठेवली होती. मग माझी पाळी आली. आजोबांनी कॉलर कडक करायची खळ घेतली आणि माझ्या पाठीला कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवला. पुठ्ठ्यावर धबधब्याचे चित्र होते.

"अहो बाबा, मागं कशाला चिकटवता?" मुलाने विचारले.

"डाग आहे तिथं. बरं दिसत नाही. आणि पाठ कुणाला दाखवायची आहे?" आजोबा म्हणाले. "आता याला मरण नाही बघ."

मित्रांनो, त्या माणसाने मला जिवापाड जपले. मी त्याच्यावर रागावू कसा? पण गरम यंत्रातून बाहेर आलो तेव्हा मी गुदमरलो होतो, आणि त्याचे स्वतःचे नाव त्याने स्वतःच्या हाताने झाकून टाकले होते. दोन वर्षांनी आजोबा गेले. मी कपाटाच्या खालच्या खणात, गॅरंटीच्या आणि चष्म्याच्या नंबराच्या मध्ये पडून राहिलो. किती वर्षे, ते मोजायचे मी सोडून दिले.

नात आता चव्वेचाळीस वर्षांची आहे. ती कवळ्या बनवते. दंतवैद्य साचे पाठवतात आणि ही मेण वितळवून, कोरून, घासून कोणाचे तरी हसू तयार करते. तिचा हात असा हलका, की चिकटलेले प्लॅस्टरही ती ओरखडा न उठवता सोडवते. अधूनमधून ती आत्याकडे जायची, पण पाहुणीसारखी, परवानगी मिळेल तितके दिवस. दारात पाऊल ठेवताच आत्याचा पहिला प्रश्न, "जायचं कधी?" मग आत्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायची आणि रोज त्या गोलाकडे बघत स्वयंपाक करायची.

गेल्या वर्षी आत्या न्हाणीघरात पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. फोनवर म्हणते कशी, "मी अगदी ठणठणीत आहे. चालता येत नाही एवढंच."

शेजारीण किती दिवस बघणार? पंधरा दिवसांची पाहुणी बनून भागणार नव्हते, हवे तितके राहता यायला हवे होते. म्हणून भाचीने भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतो तो कायमचा दर्जा मिळावा, असा अर्ज केला. त्यासाठी आजोबांचा जन्म भारतात झाला, हे दाखवायचे होते. आजोबांचा जुना पासपोर्ट इकडचे नागरिक होतानाच जमा झाला होता. उरलो मी. मला खणातून काढले, फडक्याने पुसले, आणि बापलेक मला घेऊन भारतीय वकिलातीच्या खिडकीशी उभे राहिले. मी मनातून किती ताठ झालो होतो, विचारू नका. प्लास्टिकमुळे अंगाने ताठ होतोच.

खिडकीतल्या बाईंनी मला वाचले आणि चष्मा वर केला. "यात मुलाचं नावच नाही. नुसतं 'मुलगा' लिहिलंय. हेच तुमचे आजोबा कशावरून?"

"अहो, आमच्या घरात दुसरे आजोबाच नव्हते," नातीचे बाबा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, पण ओरडल्याही नाहीत. "मागच्या बाजूला काही नोंद आहे का? जुन्या दाखल्यांवर असते कधीकधी."

"मागं धबधबा आहे," बाबांनी मला उलटून दाखवले.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर! नाव माझ्या पाठीवर, पाठ धबधब्याखाली, आणि मी मुकाट्याने काउंटरवर पडलेलो. बाईंनी दोन महिन्यांची मुदत दिली. बाबांनी आजोबांच्या गावी पत्र लिहिले. उत्तर आले, की त्या वर्षाचे रजिस्टर वाळवीने खाल्ले. जगात त्या जन्माचा आता मी एकटाच साक्षीदार होतो, आणि माझ्याच तोंडाला चिकटपट्टी.

मुदत संपायला तीन आठवडे उरले, तेव्हा नातीने आत्याला फोन लावला. "आत्या, जमत नाहीये गं. दाखल्यावर आजोबांचं नावच नाही."

पलीकडून आत्या म्हणाली, "नाही कसं? कासव दाखवलंस का त्यांना?"

"कुठलं कासव?"

आत्याने सगळे सांगितले. तिने मला शेवटचे पाहिले ते लॅमिनेशनच्या आधी, त्यामुळे माझ्या पाठीवर काय आहे हे तिला ठाऊक होते आणि त्यावर काय बसले आहे हे ठाऊक नव्हते. नातीने फोन ठेवला, मला हातात घेतले आणि धबधब्याकडे बघत राहिली.

बाबा मात्र अडून बसले. "फाटला तर? आहे तेही जाईल. बाबांनी स्वतःच्या हातानं चिकटवलंय ते."

"आहे त्याचा उपयोग काय, बाबा? आत्या तिकडे भिंत धरून उभी राहते."

 मग बाबाच उठले आणि खणातून आजोबांची इतर लॅमिनेशने घेऊन आले. "आधी यांच्यावर हात बसव," म्हणाले. "यांनाही मागं खळीनंच पुठ्ठा लावलाय."

रविवारी सकाळी नातीने टेबलावर आपली हत्यारे मांडली. मशीनच्या गॅरंटीचे दोन तुकडे झाले. दवाखान्याच्या चिठ्ठीची शाई पाण्याने पसरली. चष्म्याचा नंबर मात्र सुखरूप निघाला. आजोबांचे ते वेड शेवटी असे कामी आले. मग तिने मला समोर घेतले. माझ्या कडा कापल्या, मेणाच्या सुरीने पुठ्ठ्याचे थर एकेक करून सुकेच सोलले. धबधबा गेला, मागचा खाकी थर गेला. शेवटच्या पापुद्र्यावर ती ओलसर कापूस टेकवायची, खळ मऊ व्हायची, की नखाएवढा भाग उचलायची. बाबा शेजारी श्वास रोखून उभे. मला गार वाटले. तीस वर्षांनी पाठीला वारा लागला.

आधी कासवाची मान दिसली, मग पाय. मग एकेक अक्षर. शिक्क्याचा एक तुकडा पुठ्ठ्याबरोबर गेला, पण सही राहिली आणि नाव राहिले. बाबांनी वडिलांचे नाव मोठ्याने वाचले आणि खुर्चीत बसून रडले.  लेकीने हातातली सुरी बाजूला ठेवली.

खिडकीतल्या बाईंनी भिंग लावून माझी पाठ तपासली. "एवढं महत्त्वाचं झाकलं कुणी?"

"ज्यांचं नाव आहे, त्यांनीच," बाबा म्हणाले.

काही महिन्यांनी दर्जा मिळाल्याचे नवेकोरे कार्ड घरी आले. बाबांनी ते हातात घेतले, फिरवून पाहिले आणि म्हणाले, "जरा कोपऱ्यावर जाऊन याला लॅमि..." लेकीने नुसते बघितले. बाबांनी कार्ड मुकाट्याने तिच्या पर्समध्ये ठेवले.

भारतात निघताना तिने मलाही सोबत घेतले. आत्या दारात काठीला रेलून उभी होती, पूर्वीपेक्षा बरीच लहान दिसत होती. भाचीला पाहताच तिने सवयीने विचारले, "जायचं कधी?"

"तिकीट एकाच बाजूचं काढलंय," भाची म्हणाली.

 मग आत्याने खाटेवर बसून मला मागून घेतले. माझे देखणे तोंड तिने पाहिलेही नाही. मला सरळ पालथे घातले, सातव्या वर्षी ठेवले होते तसे बोट ठेवून वडिलांचे नाव वाचले, आणि कासवावर हलकेच टिचकी मारली. "उशिरा का होईना, पोचलास रे बाबा."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हा जुन्या कागदांना जपा, पण जपताना बंद करून ठेवू नका. कधीतरी बाहेर काढा, पालथे करून बघा, आणि ज्या माणसांनी आम्हाला लहानपणी वाचले आहे त्यांना ती बोलती असतानाच विचारा.

आता मी आत्याच्या उशाशी असतो, पाठ वर करून. भिंतीवर या वर्षाचे कॅलेंडर आहे. अजून त्यावर एकही गोल नाही.