निद्राबाबाचं पाणी

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध अकरा गाद्या, प्रत्येक गादीवर अर्धांगाच्या झटक्याने हात लुळा पडलेला एकेक माणूस आणि भोवती नातेवाइकांची दाटी. निद्राबाबाने त्यांतल्या एकापुढे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजीपुढे, एक शर्ट टाकला. "लाव बटण."

झटका येऊन तीनच आठवडे झाले होते. घड्याळजीने लुळ्या उजव्या हाताने दहा वेळा धडपड केली. बटण काजात जाईना.

"बघा माणसाचे प्रयत्न," बाबा लोकांना म्हणाला. "दहाच्या दहा वाया. आता माझं पाणी बघा."

वाटीभर पाणी पाजून त्याने घड्याळजीला निजवलं. दीड तासाने उठवलं, तेव्हा तिसऱ्याच खेपेला बटण लागलं. लोकांनी हात जोडले. घड्याळजीची बायको ओक्साबोक्शी रडली. ती कपडे शिवायची, गल्लीत सगळे तिला शिवणकाकू म्हणत.

बाबाने तिला बाजूला घेतलं. "ताई, घरी हाताला कष्ट नकोत. व्यायामाने पाण्याचा अपमान होतो. दर आठवड्याला इथे आणा म्हणजे झालं."

चूळ भरून थुंकताना ज्या पाण्याचा अपमान होत नाही, तो म्हणे व्यायामाने होतो. पण काकूला ते पटलं. तिने घड्याळजीला दवाखान्यात व्यायामाला न्यायचं बंद केलं.

घड्याळजी मात्र स्वस्थ बसेना. दुपारी चिमट्याने बारीक स्क्रू उचलून डबीत टाकत बसायचा. एकदा काकूने पाहिलं आणि त्याच हातावर फटका मारला. "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का?"

"अगं, बोटं विसरतील."

तिने अवजारं कपाटात कोंडली, जाड कापडाची झोळी शिवली आणि त्याचा हात गळ्यात बांधून टाकला. गाठ मागे मारली, त्याला सुटू नये म्हणून. असे नऊ आठवडे गेले.

मग एका दिवशी गर्दी इतकी झाली की बाबाने झोपेआधीची बटणांची परीक्षा गाळली. थेट पाणी, थेट झोप. उठल्यावर अकरापैकी एकाचाही हात सुधारला नाही. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाला.

अकरा जणांची एकदम? काकूच्या मनात पाल चुकचुकली. तिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींची दिवसभर चुकणारी चुणी दुसऱ्या दिवशी आपसूक जमायची. त्यांना तर तिने कसलं पाणी पाजलं नव्हतं. ती तडक दवाखान्यात गेली आणि व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बाई गोदामात आल्या. "आज झोपेआधी पाच जणांना बटणं लावू द्या, पण पाणी आमच्या नळाचं. बाकी सहा जणांना पाणी तुमचं, पण बटणं नकोत."

लोक म्हणाले, होऊन जाऊ द्या. बाबाला नाही म्हणता येईना.

झोपेनंतर सगळ्यांना बटण लावायला दिलं. नळाच्या पाण्याच्या पाचांपैकी चौघांचा हात सुधारला. बाबाच्या पाण्याच्या सहांपैकी कुणाचाच नाही; घड्याळजी त्यांतलाच.

"शंकेने पाणी बाटलं," बाबा पुटपुटला.

"पाण्यात काही नव्हतंच," बाई म्हणाल्या. "हाताने धडपड केली की मेंदू ती जपून ठेवतो. माणूस विसावला की तीच धडपड आतल्या आत पुन्हा पुन्हा घोळवतो, पुढच्या वेळी बोट कसं न्यायचं ते शिकतो. ही उजळणी आहे. पण दिवसभर हात हललाच नाही, तर उजळणी कशाची करणार? बाबा, घरचा व्यायाम का बंद केलात? घरी सुधारले तर इथे कोण येईल, म्हणून?"

बाबाने पाण्याच्या वाट्या गोळा करायला घेतल्या.

बाईंनी घड्याळजीची झोळी सोडली. मूठ घट्ट आवळलेली होती. एकेक बोट उघडताना तो कळवळला.

"किती येईल परत?" काकूने विचारलं.

"थोडंफार. पहिले तीन महिने मेंदू सगळ्यात भराभर शिकतो. ते गेले. घड्याळं विसरा."

घड्याळजीने बायकोकडे पाहिलं. "मी सांगत होतो," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात गोदामापुढे पुन्हा रांग होती. काकू फाटकात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "माझ्या नवऱ्याचा हात झटक्याने अर्धा गेला. उरलेला मी घालवला, या माणसाचं ऐकून. पाणी प्यायचं तर प्या. पण आधी विचारा, पाणी न देता काय होतं? आणि घरी गेल्यावर त्यांना हात हलवू द्या. चुकू द्या."

त्या दिवशी चौघं माघारी फिरली. बाकीची तिला वळसा घालून आत गेली.