टाकीवरचे नाव, खांबावरचा नंबर

माझ्या कुशीला एक लहानशी काचेची कुपी आहे. तिच्यात खडे आहेत. खडे कोरडे असले की निळे दिसतात. हवेतला ओलावा शोषून शोषून थकले की गुलाबी होतात. माझा श्वास या कुपीतून चालतो. खडे गुलाबी झाले की ओळखावे, आता पोटातल्या तेलाला पाण्याची बाधा होणार. खूण इतकी साधी आहे. पण ती दिसायला मान वर करावी लागते.

मित्रांनो, वयाने जुना आणि अंगाने तेलकट असा मी एक ट्रान्सफॉर्मर. पुस्तकात मला रोहित्र म्हणतात, तुम्ही डीपी म्हणता. अकरा हजार व्होल्टची वीज वरून घ्यायची आणि घरात नेता येईल इतकी सौम्य करून खाली द्यायची, हे माझे काम.

कारखान्यात बायकांनी कागदात गुंडाळलेल्या तारेचे वेढे मोजून मोजून माझ्या गुंडाळ्या केल्या. मला भट्टीत वाळवले, टाकीत बसवले, तेल भरले आणि वसईच्या वीज कार्यालयाकडे पाठवले. तिथून मी नंदाखालला गेलो. क्रुसाजवळ दोन खांबांच्या मध्ये मला चढवले आणि एका रंगाऱ्याने माझ्या टाकीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, ‘नंदाखाल २’. त्या नावाचा मला फार अभिमान वाटे. केळीच्या वाड्यांतले पंप माझ्या जिवावर चालत. सणाला चर्चवर दिव्यांच्या माळा चढल्या की त्या गावचाच लाईनमन पास्कल माझ्याकडे बोट करून पाहुण्यांना सांगे, “आमची नंदाखाल दोन. कधी दगा देनार नाय!”

मी दगा दिला नाही, पण भार वाढत गेला आणि एका उन्हाळ्यात माझी एक गुंडाळी जळाली. मला उतरवून दुरुस्तीला नेले. माझ्या जागी दुसरा ट्रान्सफॉर्मर बसला. जागा तीच, म्हणून लोक त्यालाही ‘नंदाखाल दोन’ म्हणू लागले. मी बरा होऊन परतलो, तेव्हा गरज कळंबला होती. मला कळंबला, समुद्राच्या वाऱ्यात उभे केले. टाकीवरचे नाव मात्र तसेच राहिले. भांडाराचे काम माल देण्याचे, लाईनमनचे काम तो चढवण्याचे, बिलाच्या विभागाचे काम बिल काढण्याचे. नाव पुसणे कोणाच्याच कामात बसत नव्हते.

माझ्या खांबांशेजारी सत्यवतीमावशी बोंबील वाळत घालत. त्यांना वाचता येत होते. पहिल्याच दिवशी त्या लाईनमनला म्हणाल्या, “कळंबात नंदाखालची डीपी आनून ठेवलीत होय? मंग आमचं बिल पन नंदाखालालाच पाठवा!”

सगळे हसले आणि गोष्ट तिथेच राहिली.

पुढे रामनाथ नावाचा लाईनमन नगरकडून बदलून आला. एका दुपारी माझ्या माथ्यावरची, मुख्य तारेला जोडणारी तार जळून तुटली. रामनाथने माझ्या टाकीवरचे नाव वाचले, दुकानातल्या फोनवरून सबस्टेशनला सांगितले, “नंदाखाल दोनवर काम आहे, लाईन बंद करा.” पलीकडच्या माणसाने नंदाखालची लाईन प्रामाणिकपणे बंद केली आणि तसे कळवले. कळंबची लाईन चालूच होती.

रामनाथ शिडी चढला. मी ओरडू शकत नव्हतो. मला फक्त गुरगुरता येते, आणि तार तुटल्यामुळे तेव्हा तेही येत नव्हते.

त्याला एक चांगली सवय होती. तारेला हात लावण्यापूर्वी तो लांब काठीची जमिनीला जोडलेली सळई तारेवर टेकवून पाहत असे. त्याने ती टेकवली मात्र, डोळे दिपवणारी ठिणगी उडाली आणि आवाजाने कावळे उठले. रामनाथ शिडीला घट्ट मिठी मारून राहिला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या, पण तो जिवंत होता.

मावशींनी त्याला हाताला धरून खाली बसवले, पाणी पाजले आणि मग फैलावर घेतले. “मेला असतास ना रे! घरी कोन कोन हाय तुझ्या?”

“बायको हाय. पोरगी हाय, दुसरीत,” रामनाथ म्हणाला आणि त्याला रडू फुटले.

या अपघातानंतर सरोजिनी मॅडम आमच्याकडे आल्या. त्या वसईच्या वीज कार्यालयात अभियंता होत्या. कार्यालयात कॉम्प्युटर येणार होता आणि त्याआधी सगळी माहिती शिस्तीत आणायचे काम कार्यालयाचे प्रमुख श्रीरंग साहेब यांनी त्यांच्यावर सोपवले होते. हे काम कोणालाच नको होते. मॅडम हळू बोलत, आणि बोलण्याआधी पाहत. आल्या आल्या त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, “याचे खडे गुलाबी झालेत. आधी ते बदला.” कळंबला आल्यापासून माझ्या खड्यांकडे कोणी पाहिले नव्हते. मी त्या दिवसापासून त्यांचा झालो.

गोखिवऱ्यापासून कळंबपर्यंत प्रत्येक ट्रान्सफॉर्मरपाशी त्या स्वतः गेल्या. कुठे एकाच ट्रान्सफॉर्मरला तीन विभागांत तीन नावे निघाली. काही तर केवळ कागदावर उभे होते. अशा एका जागी प्रत्यक्षात नुसते उंबराचे झाड होते. मॅडमनी कोणाला दोष दिला नाही. त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: नंबर यंत्राचा नसतो, जागेचा असतो. यंत्र जळते, बदलते, गावोगाव फिरते. जागा फिरत नाही. म्हणून नंबर खांबावर लिहायचा, टाकीवर नाही. तो सगळ्या विभागांनी एकच वापरायचा. आणि नोंद बदलण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवायचा.

नंदाखालच्या पास्कलना ते रुचले नाही. मॅडमच्या मदतीला त्यांना कळंबला पाठवले होते. माझ्या खाली उभे राहून ते म्हणाले, “मॅडम, मला नंबर कशाला पायजे? डोळे मिटून सांगतो, कुठली लाईन कुठून येते ती. तीस वर्सं झाली.”

“तुम्ही सांगाल, पास्कलभाऊ,” मॅडम म्हणाल्या. “पण त्या दुपारी तुम्ही रजेवर होता. रामनाथला कोण सांगणार होतं?”

पास्कलनी खिशातली तपकीर काढून परत आत ठेवली.

मॅडमनी माझ्या खांबावर खडूने नंबर घातला. रंगाने घालायला साहेबांचा हुकूम हवा होता आणि तो येत नव्हता. श्रीरंग साहेब वाईट नव्हते. पण एकच नंबर ठरला की कागदावरचे ट्रान्सफॉर्मर उघडे पडणार आणि वरचे लोक त्यांना जाब विचारणार. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. “बघू, कॉम्प्युटर येऊ दे, आपोआप होईल,” ते म्हणत. कॉम्प्युटर आला. मॅडमनी त्याला हात जोडले नाहीत की फुले वाहिली नाहीत; त्या एवढेच म्हणाल्या, “यात जे घालू तेच हा सांगेल, साहेब. आधी काय घालायचं ते ठरवा.” साहेब पुन्हा म्हणाले, बघू. खाऱ्या वाऱ्याने खडू उडून जाई. मॅडम पुन्हा येत, पुन्हा लिहीत. तक्रार करताना मी त्यांना कधी ऐकले नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा म्हणजे नुसते तेल आणि रंग नव्हे. आमच्याविषयी जे लिहिले जाते ते खरे असणे, हीसुद्धा निगाच आहे. तुमच्या घरात दिवा लागतो तेव्हा कोणीतरी खांबावर चढलेले असते, आणि त्याचा जीव एका शब्दाच्या खरेपणावर तोललेला असतो. तो शब्द जपणारी माणसे दिसत नाहीत. ती दिसली तर त्यांना मान द्या.

कळंबची वस्ती वाढली, सुट्टीची घरे उठली आणि मी अपुरा पडू लागलो. मला उतरवून मोठा ट्रान्सफॉर्मर बसवायचा दिवस आला. टेम्पोतून तो खाली उतरवला, तर त्याच्या टाकीवर रंगात लिहिलेले, ‘निर्मळ १’.

रामनाथने ते वाचले. त्याने खांद्यावरचा दोर काढून जमिनीवर ठेवला आणि तो त्यावर बसला. “मी चढत न्हाई. काय करायचं ते करा.”

“अरे, साहेब चिडतील,” कोणीतरी म्हणाले.

“चिडू द्या. एकदा वाचलो, दर वेळी न्हाई वाचायचो.”

सगळ्यांनी पास्कलकडे पाहिले. त्यांचा शब्द चाले. पास्कल गुडघे धरून रामनाथच्या शेजारी बसले. “मी पन नाय चढनार. सांगा साहेबांना.”

तासाभराने साहेबांची जीप आली. मॅडम मागच्या सीटवरून उतरल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. साहेब रागाने म्हणाले, “काय चाललंय हे? गाव अंधारात ठेवायचंय?”

“आमी राहू अंधारात,” सत्यवतीमावशी बोंबलांवरचे कावळे हाकत म्हणाल्या. “पन ह्या बाबाच्या पोरीवर अंधार नको यायला. तुमाला एक नंबर लिवायला येवढा टाइम लागतो का हो, सायेब?”

कोणी हसले नाही. साहेब मॅडमकडे वळले. “तुम्हीच यांना बसवलंत का?”

“नाही, साहेब. पण मी यांच्या जागी असते तर बसले असते.”

साहेब नव्या टाकीजवळ गेले. ‘निर्मळ १’ त्यांनी बोटाने चाचपले, जणू ते खरवडून निघेल की नाही हे पाहत होते. मग रामनाथच्या चेहऱ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. एक भुवई परत नीट उगवलीच नव्हती.

“रंग आहे का?” त्यांनी विचारले.

मॅडमच्या पिशवीत डबा होता.

“मग लिहा,” साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “आजपासून खांबावरचा नंबर तोच खरा. टाकीवर कोणी काही लिहायचं नाही. तिन्ही विभाग हाच नंबर वापरतील, आणि नोंद बदलायची झाली तर ती फक्त सरोजिनीबाई बदलतील. मी सांगितलं तरी दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. जे ट्रान्सफॉर्मर सापडणार नाहीत, त्यांचा जाब मी देईन.”