बटाटा सोलणारी विधवा

आमच्या फेरो बेटांवरच्या गावात ‘समुद्राची सून’ हे नाटक दर उन्हाळ्यात होतं. त्यातलं विधवेचं लांबलचक भाषण इथल्या शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. यंदा ते काम बारा वर्षांच्या सुन्व्हाला मिळालं, आणि नेमकी तीच चौथ्या ओळीला अडखळायची.

नाटक बसवणाऱ्या रान्व्हाबाईंनी तिला बजावलं, “शनिवारच्या तालमीत अडलीस, तर काम माझ्या भाचीला. आणि कोणी मागून सांगायचं नाही!”

पोर रडवेली होऊन माझ्याकडे, तिच्या आजोबाकडे, आली. मी तिच्याकडून घोकंपट्टी करून घेतली नाही. मी पूर्वी शिकवायचो त्या शाळेच्या कपाटात याच नाटकावरचा एक विसरलेला मूकपट पडून होता, तो लावला.

“आबा, एवढ्या बडबड्या नाटकाचा मूकपट? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“बघ तर आधी.”

भाषणाची वेळ आली. नटी गप्प. टेबलाशी बसून ती उकडलेला बटाटा सोलू लागली, अगदी सावकाश. मधेच मान वर करून अशी बघायची, की वाटावं आपणच काहीतरी बोलून टाकावं.

“बाई कसली बेरकी आहे!” सुन्व्हा खदखदून हसली. “पुन्हा लावा ना!”

मला असे चित्रपट म्हणूनच आवडतात. कोणी बघत नाही, त्यामुळे त्यांच्यातल्या युक्त्या कोऱ्या राहतात.

शनिवारी रीतीप्रमाणे अख्खं गाव विणकाम घेऊन तालमीला आलं. तीन ओळी खणखणीत झाल्या. मग सुन्व्हा थांबली. घरून आणून समोर ताटात ठेवलेला उकडलेला बटाटा उचलून सोलू लागली. विणायच्या सुया थबकल्या. तिने पहिल्या बाकावर नजर रोखली. म्हाताऱ्या तुम्मासला ते सोसेना. चौथी ओळ त्याच्या तोंडून निसटली. पाचवी त्याच्या बायकोच्या. बघता बघता सगळं गाव भाषण म्हणू लागलं, आणि पोर बटाटा सोलत ऐकत राहिली. शेवटी कित्येकांनी डोळे पुसले.

“सांगितलंत ना तिला?” रान्व्हाबाई कडाडल्या. “काम गेलं तिचं!”

“तिला काढा, मग भाचीचं नाटक एकट्याच बघा,” तुम्मास म्हणाला. “इतक्या वर्षांत आम्हाला आज कुठे काम मिळालंय!”

सगळी बाकं वाजू लागली. रान्व्हाबाईंनी हात टेकले.

बाहेर आल्यावर मी सुन्व्हाला म्हणालो, “काम राहिलं. आता तरी ती ओळ पाठ कर, बये.”

तिने भाषण सुरू केलं ते एका दमात शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

“अगं, मग मघाशी?”

“येत होतं की! पण तुम्मासआजोबा किती वेळ दम धरतात, ते बघायचं होतं.”