मापटे आणि गुलाबी चमचा

मित्रांनो, मी एक जुने पत्र्याचे मापटे आहे आणि मला एका चमच्याचा हेवा वाटत असे. खोटे कशाला बोलू, अजूनही वाटतो.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून एका कारागिराने मला घडवले. तेव्हापासून मेंढ्यांच्या गोठ्यात माझाच मान होता. घरची थोरली सून मला पेंडीच्या चुऱ्याने शिगोशीग भरी आणि गव्हाणीच्या कडेवर आपटी. खण्, खण्! तो आवाज ऐकला की मेंढ्या धावत येत. सर्वांत पुढे असे ती फाटक्या कानाची अधाशी. तिला पाहून मला आपल्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटे.

पुढे पेंड मिळेनाशी झाली. धाकटी सून गुरांच्या डॉक्टरांना विचारून आली.

"ताई, शेतात टाकतो तो युरिया मेंढ्यांनाही देता येतो. अगदी जरासा. त्यांच्या पोटातले बारीक जीव त्याचंच प्रथिन करतात."

"खत खाऊन मेंढ्या माजणार? मग आपणही खाऊ या की," थोरली म्हणाली.

पण मेंढ्या खरेच अंगाने भरल्या. आणि युरिया मोजायला कोण, तर बाळाच्या दूध पावडरीच्या डब्यातला गुलाबी चमचा! बोटभर जीव त्याचा. धाकटी तो सपाट भरी, युरिया पाण्यात पुरता विरघळवी, भरडलेल्या धान्यावर शिंपडी आणि पुन्हा पुन्हा कालवी. कोकरांना त्यातले काही देत नसे. काम झाले की चमचा धुऊन उंच खिळ्यावर टांगी. पोरांचा हात पोहोचू नये म्हणून, असे ती म्हणे. मला वाटे, मला खिजवण्यासाठीच. मी आपले खाली, पोत्याला टेकून.

"मूर्ती लहान, पण कीर्ती महान," सासूबाई म्हणत. हे चमच्याला की धाकटीला, कोण जाणे. थोरलीच्या आणि माझ्या, दोघांच्याही पोटात दुखे.

एकदा धाकटी माहेरी गेली. सकाळी थोरलीने खिळ्याकडे पाहून नाक मुरडले. "एवढ्याशा चमच्यानं काय होतंय? माझ्या हातच्या मेंढ्या बघ म्हणावं."

तिने मला उचलले आणि युरियाच्या पोत्यात घातले. पांढरे शुभ्र दाणे माझ्या काठापर्यंत आले. आता कुठे माझी कदर झाली, असे मला वाटले. तिने ते दाणे कोरडेच धान्यावर ओतले, एकदा हात फिरवला आणि मला आपटले. खण्, खण्!

अधाशी सर्वांच्या आधी आली. माझा आवाज तिच्या ओळखीचा होता. तिने इतरांना ढुशा देऊन दूर सारले आणि एकटीनेच खाल्ले. थोड्याच वेळात ती थरथरू लागली, तोंडाला फेस आला, पोट फुगले आणि ती कोसळली. थोरलीने बाकीच्यांना ओरडून मागे हाकलले. तेवढ्यात माहेराहून परतलेली धाकटी पिशवी घेऊन दारात आली.

"ताई, काय घातलंत?"

थोरलीने मला पुढे केले. धाकटीने डॉक्टरांना निरोप धाडला आणि अधाशीच्या तोंडात ओतायला ती व्हिनेगर, थंड पाणी घेऊन धावत आली.

"मला मेंढ्या तुझ्यापेक्षा चांगल्या करून दाखवायच्या होत्या गं," थोरली रडत म्हणाली.

"डोकं नीट धरा, ताई. ठसका लागेल तिला."

अधाशी वाचली.

आता थोरली स्वतः चमचा भरते, वर बोट फिरवून सपाट करते. धान्य माझ्यातून मोजले जाते. धान्याच्या जोडीशिवाय युरिया अंगी लागत नाही, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझा मान काही कमी नाही. मित्रांनो, माझ्यात काय भरायचे हे माझ्या हातात नसते, तुमच्या हातात असते. म्हणून विनवतो, ईर्ष्येने मला उचलू नका.

खण् झाले की सगळ्या मेंढ्या येतात. अधाशी मात्र पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी राहते. चमचा खिळ्यावरून काढला तर तिचा कानही हलत नाही. आता मला त्याचा हेवा वाटतो, तो एवढ्याचसाठी.