सहा नंबरचा नळ

"परत सहा नंबरच! हात लावून बघा," शैला म्हणाली.

राजीवने हातमोजा काढून लान्सला, म्हणजे गाड्या धुवायच्या त्या बंदुकीसारख्या लांब नळीला, बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. आत नुसता बर्फ होता. साउथहॅम्प्टनमधल्या त्याच्या जेटवॉशवर सहा लान्स होते. बाकीच्या पाचांतून रात्रभर बारीक धार गळत राहिली होती, म्हणून ते वाचले होते. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. थंडीत संध्याकाळी भिंतीवरचे सहाही छोटे नळ किंचित उघडे ठेवायचे, एवढंच काम. शैला ते अकरा हिवाळे करत होती आणि एकदाही नळी फुटली नव्हती. या आठवड्यात दोन फुटल्या, दोन्ही सहा नंबरच्या.

"शैलाताई, काल उघडला होता ना? Are you sure?"

"शंभर टक्के. मी उघडून गेले आणि मागाहून कुणीतरी बंद केला."

'कुणीतरी' म्हणताना तिने भुवई अशी उडवली, की नाव घ्यायची गरजच उरली नाही. ती पाचला निघायची. सहाला इंद्रजित यायचा, कचऱ्याचे डबे रिकामे करायचा आणि दहा मिनिटांत जायचा. आणि व्हॅन कुठे लावायचा? गेटजवळ, बरोबर सहा नंबरच्या शेजारी!

शैला म्हणजे सुपरमार्केटात डबा उघडून एकेक अंडं फिरवून बघणारी बाई. इंद्रजित तिच्याच विहारात यायचा, भेटला की हात जोडून "जय भीम, ताई" म्हणायचा. तो जय भीम आता तिला जरा जास्तच गोड वाटू लागला होता. दुसरं बाळ झाल्यापासून तो दिवसाचे तास मागत होता. दिवसाचे तास म्हणजे शैलाचे तास. चौसष्ट वर्षांची बाई विसराळू झाली असं एकदा ठरलं, की तिची सुट्टी आणि याची सोय. संशयाला औषध नसतं, आणि शैलाला ते नकोही होतं.

काल रात्री विहारात तिने त्याला आडून विचारलं होतं, "इंद्रजित, सहा नंबरच्या नळाला हात लावतोस का रे?"

"नाही हो ताई, why would I? मी बिन्स करतो आणि जातो."

"मग काय भुतं येतात?"

यावर तो हसला होता. ते हसू तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"ठीक आहे," राजीव म्हणाला. "आजपासून येऊ नको म्हणून सांगतो त्याला. पण दाखवायला काहीतरी proof हवं. तुम्ही कालचं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघा आणि तेवढा भाग मला पाठवा." आणि तो नवी नळी आणायला गेला.

शैला चहाचा मग घेऊन ऑफिसात बसली. तिने थेट संध्याकाळी सहा वाजल्यापासूनचं रेकॉर्डिंग लावलं. इंद्रजितची व्हॅन आली. त्याने डबे रिकामे केले, हातांवर फुंकर मारली आणि गेला. नळाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पुढे सकाळपर्यंत एक कोल्हा तेवढा येऊन गेला. बुचकळ्यात पडून तिने रेकॉर्डिंग मागे नेलं, पाचपर्यंत.

पडद्यावर ती स्वतः एकेक नळ उघडत गेली. सहाच्या सहा. बघा, म्हटलं नव्हतं? मग ती ऑफिसात गेली आणि पिशवी घेऊन गेटकडे निघाली. सहा नंबरपाशी ती बाई चालता चालता थांबली. हात लांब करून तिने नळ घट्ट पिळला. नळीच्या तोंडाखाली तळवा धरून थेंब थांबला ना ते पाहिलं, ओला तळवा डोळ्यांवरून फिरवला आणि बसस्टॉपकडे गेली.

शैलाने ते तीनदा पाहिलं. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

तळवा डोळ्यांवरून फिरवणं मात्र तिच्या आईचं होतं. गावच्या विहिरीवर त्यांना पोहरा टाकायची मनाई होती. कुणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची. पुढे भांडून भांडून वस्तीत नळ आला, तेव्हा शैला नऊ वर्षांची होती. "जाता-येता बघत जा. गळता दिसला की पिळायचा," आईने बजावलं होतं.

चहा गार झाला. तेवढा भाग पुसायला एक बटण पुरलं असतं, आणि राजीवला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शैलाला भीती वाटली. नोकरीची वाटली, आणि त्याहून जास्त या हाताची, जो तिला न विचारता काम करत होता. मग तिला इंद्रजितचं हसू आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तो भाग राजीवला पाठवला आणि फोन लावला.

"राजीव, इंद्रजितला फोन केलात?"

"आता करतोच आहे."

"करू नका. माणूस सापडला. पाठवलंय, बघा."

त्या संध्याकाळी तिने इंद्रजितला पाचलाच बोलावून घेतलं.

"मी तुझ्यावर आळ घेतला होता. चुकले." तिने त्याला सगळं सांगितलं.

त्याने बुटाचं टोक काँक्रीटवर घासलं. "विचारलंत तेव्हाच वाटलं होतं मला," एवढंच म्हणाला.

"आजपासून नळ तू उघड. आणि मी गेटबाहेर जाईपर्यंत बघत राहा."

त्याने सहाही नळ उघडले. शैलाने दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले आणि निघाली. एक, दोन, तीन... प्रत्येक नळीखाली काँक्रीटवर पाणी टपटपत होतं. बस गाठायची होती, तिने पावलं उचलली. गेट पुढ्यातच होतं.

"ताई," मागून इंद्रजितने हळूच हाक मारली.

शैलाने खाली पाहिलं. तिचा उजवा हात नळावर होता.