वहिनींचं विधेयक

वहिनी तिसऱ्यांदा निवडून आल्या तेव्हाच दादाने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, दुभाष्यांचं विधेयक पास झालं की बस. पुन्हा उभं राहायचं नाही. वहिनींनाही तेच हवं होतं. या देशात आल्यावर आधी सहा वर्षं त्यांनी इस्पितळाच्या फरशा पुसल्या, मग शिकून नर्स झाल्या, आणि आता अकरा वर्षं राज्याच्या विधानसभेत. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा आणि जाग आली की त्या समोरच्याची माफी मागायच्या.

मी त्यांची नणंद. त्यांच्या कचेरीत टपाल फोडायचं आणि आल्यागेल्याला बसवायचं काम माझ्याकडे. आपल्या भाषेची निम्मी माणसं व्हिसासाठी यायची. "ते केंद्र सरकारचं काम, माझ्या हातात नाही हो," हे सांगून वहिनींच्या घशाला कोरड पडायची.

"मग तुमच्या हातात आहे तरी काय?" एका बाईंनी एकदा फटकन विचारलं.

"रस्ते, शाळा, इस्पितळं."

"म्हणजे काहीच नाही की!"

"तसंच समजा," वहिनी म्हणाल्या, आणि तरी त्यांचं पत्र लिहून दिलं.

विधेयक साधं होतं. सरकारी इस्पितळात परभाषेच्या रोग्याला दुभाषा द्यायचा, डॉक्टरांचं बोलणं घरच्या पोरांकडून वदवून घ्यायचं नाही. चार वर्षं ते या समितीतून त्या समितीत हेलपाटे घालत होतं. शेवटी या विधानसभेच्या अगदी शेवटच्या दिवशी, दुपारी दोननंतर, त्याचा नंबर लागणार होता. मतं जुळली होती. नियम मात्र कडक होता. नाव पुकारलं की मांडणारा सदस्य आपल्या जागेवर हवा, नसला तर विधेयक पडलं. सभापती वेळेचे इतके पक्के, की सगळे त्यांना मागे 'घड्याळ' म्हणत.

मी वर प्रेक्षकांच्या सज्जात मनातल्या मनात नाम घेत बसले होते. दीडच्या सुमाराला आधीची तीन विधेयकं मांडणाऱ्यांनीच एकामागून एक मागे घेतली. खाली वहिनींची खुर्ची रिकामी. मी जिना उतरले. दारावरचा शिपाई म्हणाला, "बाईंना लवकर आणा, पुढचं त्यांचंच."

त्या बाहेरच्या व्हरांड्यात होत्या. बाकावर एक आजोबा बसले होते, दोन बस बदलून आलेले. वहिनी त्यांच्यासमोर फायली छातीशी धरून उभ्या.

"डॉक्टर बोलायचे आणि नात आम्हाला सांगायची," आजोबा सांगत होते. "दहा वर्षांची पोर. त्या दिवशी डॉक्टर बराच वेळ बोलले. नात एवढंच म्हणाली, आजी, नवीन औषधाने बरं वाटेल. हिने त्याच संध्याकाळी लोकर मागवली. थंडीच्या आत स्वेटर करते म्हणाली." त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरला.

मी खाकरले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. नंबर आलाय हे त्यांना कळलं होतं, मला दिसलं. एक 'थांबा' म्हणायचं होतं, त्यांनी नाहीतर मी. पण मोठं माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे आमच्या दोघींच्या अंगात असं मुरलेलं, की जीभ उचललीच नाही.

"मग?" वहिनींनी हळूच विचारलं.

"एकोणीस दिवसांत गेली. पोरीला सगळं माहीत होतं, बाई. ती एकटीच ते घेऊन हिंडत होती."

आत हातोडा वाजला. वहिनी धावल्या. कुणीतरी "बाहेरच आहेत, बोलावतो!" असं ओरडत होतं, पण सभापती पुढचं नाव वाचत होते.

संध्याकाळी दादाने सगळं ऐकून घेतलं.

"एक 'थांबा' म्हणता आलं नाही तुला?"

"नाही आलं."

"अकरा वर्षं भाषणं ठोकतेस. सभापतींशी भांडतेस!"

"अहो, सभापती माझ्याहून लहान आहेत."

दादा हसला नाही. "मी तुला घरी परत मागत होतो," तो म्हणाला. "एवढंच मागत होतो."

"मीही तिथेच उभी होते, दादा," मी म्हटलं. "मलाही नाही बोलता आलं."

उमेदवारीचे अर्ज शुक्रवारपर्यंत भरायचे होते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"ती नात कुठे असते आता?" दादाने विचारलं.

"घरीच. आजोबा म्हणाले, घरात आपल्या भाषेतला एक शब्द काढत नाही."

दादा उठून खिडकीशी गेला. "अर्जावर सूचक म्हणून कुणाची सही लागते?"

"कुणाही मतदाराची."

"माझी मागू नकोस. मी रागावलोय." मग पाठमोराच म्हणाला, "हिची घे."

वहिनींनी खणातून कोरा अर्ज काढला. आनंद कुणालाच झाला नव्हता. मी सही केली, तारीख घातली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि वयाच्या रकान्याशी पेन थांबवून क्षणभर डोळे मिटले.